सिस्टीम तयार आहे म्हणतात, मी सही करू का?

एका विद्यापीठात विद्यार्थी आर्थिक साहाय्य विभाग सांभाळणाऱ्या वाचकाचं हे पत्र. शिष्यवृत्त्या, फी-सवलत, देणगीदारांचे निधी, अडीअडचणीला दिली जाणारी मदत, सगळं याच विभागातून जातं. वीस वर्षांपूर्वी विद्यापीठातल्याच कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्याच्याभोवती साठत गेलेल्या एक्सेल शीट, यांवर आजवर काम चाललं. आता बाहेरच्या कंपनीकडून नवी सिस्टीम घेतली आहे. सत्र सुरू व्हायला सहा आठवडे उरलेत, त्याआधी लाइव्ह जायचं, म्हणजे खरं काम नव्या सिस्टीमवर सुरू करायचं, असं वरून ठरलंय आणि जाहीरही झालंय. गेल्या वर्षीचे शंभर अर्ज नव्या सिस्टीममधून काढून पाहिले. एक्क्याण्णव जुळले, नऊ जुळले नाहीत. त्यांतल्या आठांबद्दल कंपनी म्हणते की चूक जुन्या प्रोग्रॅमचीच होती. नवव्याचं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. विभागातल्या सर्वांत जुन्या सहकारी बाई, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या, ट्रेनिंगला बसल्या खऱ्या, पण स्वतःची वही काही सोडत नाहीत. त्यांचं बघून बाकीचेही चालढकल करतात. पत्रलेखक विचारतात: यांना तयार कसं करायचं? आणि ‘सिस्टीम वापरायला योग्य आहे’ या कागदावर सही करायची का? “नाही केली तर मी खोडा घालणारा ठरेन. केली आणि बिघडलं, तर मीच सापडेन.”

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या बाईंचा थोडा रागच आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वहीचं कुतूहल वाटायला लागलं. बाईंच्या स्वभावावर तुम्ही अर्धं पान खर्च केलंय, वहीत काय आहे यावर मात्र एक ओळसुद्धा नाही. उघडून पाहिलीत का कधी?

माझा अंदाज सांगते. वीस वर्षं तुमच्याकडे तो जुना प्रोग्रॅम एकटा हिशेब करत नव्हता. तो एक आकडा काढायचा, बाई तो आकडा वहीशी ताडून पाहायच्या, कुठे कुठे हातानं दुरुस्त करायच्या आणि मग यादी बँकेकडे जायची. म्हणजे तुमची ‘जुनी सिस्टीम’ हे त्या दोघांचं मिळून नाव आहे. कंपनीनं नियम लिहून घेतले ते प्रोग्रॅमचे आणि छापील नियमावलीचे. वहीकडे कुणी पाहिलंच नसणार, कारण प्रकल्पाच्या बैठकांना बहुधा तुम्ही आणि वित्त विभाग गेलात, आणि बाई काउंटरवर बसल्या होत्या. चुकत असेन तर सांगा.

अशा वह्यांत काय असतं ते मी पाहिलंय. एखाद्या देणगीदाराची अट फायलीतल्या एका जुन्या पत्रात असते आणि ती कुठल्याच तक्त्यात चढलेली नसते. वर्षाच्या मध्यावर अभ्यासक्रम बदललेला विद्यार्थी असतो. एकाच घरातली दोन भावंडं असतात, त्यांचं उत्पन्न एकत्र धरायचं की नाही यावर कधीकाळी निर्णय झालेला असतो. दोन मदती एकत्र मिळाल्या तर आधी कुठली लावायची हेही असतं, कारण एक निधी फक्त फीसाठी वापरता येतो आणि दुसरा राहण्या-खाण्यालाही चालतो. आधी मोकळा निधी फीवर खर्ची टाकला, तर फीपुरता बांधलेला निधी नुसता पडून राहतो आणि विद्यार्थ्याच्या हाती कमी पैसे येतात. दोन्ही रकमा मंजूर, दोन्ही बरोबर, फक्त क्रम चुकला. आणि कोडचे घोळ तर विचारूच नका. नियमावलीत ज्या कोडचा अर्थ ‘इतर’, त्याचा ऑफिसातला अर्थ कित्येक वर्षं ‘उत्पन्नाचा दाखला यायचा आहे’ असा असू शकतो.

यांतला सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे रिकामा रकाना आणि शून्य. उत्पन्नाचा रकाना रिकामा असेल तर त्याचा अर्थ कागद अजून आलेला नाही. शून्य असेल तर घरात खरोखरच कमाई नाही. जुन्या डेटाबेसमधून नव्यात माहिती चढवताना रिकाम्या जागी शून्य भरलं जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मग ज्याचे कागद अपुरे, त्याला सगळ्यात जास्त मदत मंजूर होते. महिन्यांनी ते उघडकीला येतं आणि खर्च होऊन गेलेले पैसे परत मागायची पाळी तुमच्यावर येते. तुमच्या नऊ न जुळलेल्या अर्जांत असा एखादा आहे का, ते आधी बघा.

आता बाईंची बाजू घेतल्यावर दुसरी बाजूही घ्यायला हवी. ती वही धोक्याचीही आहे. एकाच माणसाला समजणारी, एकच प्रत असलेली, दीड वर्षानं दारातून बाहेर जाणारी. शिवाय तिच्यातली प्रत्येक नोंद पवित्र असेलच असं नाही. काही नोंदी ‘साहेबांनी फोनवर सांगितलं होतं’ एवढ्याच आधारावर वर्षानुवर्षं चालत आलेल्या असतील. त्यामुळे अमुक नोंद नव्या सिस्टीममध्ये नियम म्हणून घालायची की सोडून द्यायची, हे बाईंनी ठरवू नये, कंपनीनंही ठरवू नये. तुमच्याकडे मदत मंजूर करणारी जी समिती असेल तिच्यासमोर यादी ठेवा. समितीला बहुतेक नोंदी पहिल्यांदाच कळतील आणि दोन-तीन ठिकाणी चांगलाच वाद होईल. तो आत्ताच झालेला बरा.

बाईंना ‘तयार करायचं’ म्हणता, तर मी उलट सुचवेन: त्यांना परीक्षक करा. “तुमच्या अनुभवातली सगळ्यात नाठाळ तीस-चाळीस प्रकरणं काढा आणि ही सिस्टीम कुठे आडवी पडते ते आम्हाला दाखवा,” असं सरळ म्हणा. ज्या माणसाला तुम्ही वर्षभर ‘तुला हे जमत नाही’ असं आडून सांगत होता, त्याला ‘तुझ्याइतकं हे कुणाला कळत नाही’ असं सांगण्यानं पुष्कळ फरक पडतो. मुख्य म्हणजे ते खरंही आहे. एक अट मात्र पाळा. या कामासाठी त्यांना काउंटरवरून मोकळं करा. रोजचं काम आटोपून संध्याकाळी टेस्टिंग करा म्हणालात, तर विरोध वाढेल आणि तो रास्त असेल. सहा आठवड्यांत दोन माणसं रोज सकाळचे तीन तास देऊ शकत नसतील, तर अडचण माणसांच्या मनोवृत्तीत नाही, मनुष्यबळात आहे. तसं लेखी वर कळवा.

नऊच्या आकड्याबद्दल. शंभरात नऊ हे बरं की वाईट, याचं उत्तर ते शंभर कुणी निवडले यावर आहे. कंपनीनं निवडले असतील तर साधे, सरळ, पूर्ण कागदांचे अर्ज निवडले असण्याची शक्यता मोठी, आणि मग नऊ हा आकडा घाबरवणारा आहे. बाईंनी मुद्दाम वाकडे शोधून दिले असतील तर मी म्हणेन, छान चाललंय. एकूण रक्कम जुळली म्हणूनही निर्धास्त राहू नका. एकाला जास्त गेले, दुसऱ्याला तितकेच कमी गेले, तर बेरीज झकास जुळते. ताळा विद्यार्थीनिहाय करा, निधीनिहाय करा, आणि तोही बँकेकडे जाणाऱ्या फायलीपर्यंत. स्क्रीनवर रक्कम बरोबर दिसते आणि बँकेच्या फायलीत खातं भलत्याचंच जातं, हे घडतं. लाइव्ह जाण्याआधी स्वतःच्याच दोन-चार कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर अगदी नाममात्र रक्कम खरीखुरी पाठवून बघा.

कंपनी म्हणते आठ अर्जांत जुना प्रोग्रॅम चुकत होता. असेलही. वीस वर्षं चाललेल्या प्रोग्रॅममध्ये आठ चुका सापडल्या तर मला नवल वाटणार नाही. पण ‘जुनं चूक होतं’ असं म्हणून विषय संपत नाही, तिथून तो सुरू होतो. त्या आठांपैकी कुणाला गेल्या वर्षी कमी पैसे मिळाले का? आणि जास्त मिळत असतील, तर त्यांतल्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलीची मदत नवी सिस्टीम अचानक कमी करणार, हे तिला कोण सांगणार? ते पोर्टलवरून तिला रात्री अकरा वाजता कळू नये. शिक्षण पूर्ण होईपर्यंत जुनाच हिशेब चालू ठेवायचा की नाही, हा निर्णय माणसांनी घ्यायचा आहे.

आता तारखेकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात ठाम वाक्य ‘तारीख बदलता येणार नाही’ हे आहे. तारखेपायी काय होतं याची उदाहरणं फार लांबची नाहीत. अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी मदत हवी असेल तर ‘फाफसा’ नावाचा एकच अर्ज भरावा लागतो. तो सोपा करण्याचा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला. हेतू चांगलाच होता. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा अर्ज नव्या रूपात मात्र ३० डिसेंबर २०२३ ला उघडला, तोही सुरुवातीला दिवसातला थोडाच वेळ. मग एकेक प्रकार बाहेर यायला लागले. २००० साली जन्मलेल्या विद्यार्थ्यांना अर्जात एका टप्प्यापुढे जाताच येईना. ज्यांच्या आईवडिलांकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक) नाही, त्यांचे अर्ज अडकले. महागाईनुसार बदलायचे तक्ते बदललेच नव्हते. ते दुरुस्त केल्यावर विद्यार्थ्यांच्या मदतीत मिळून सुमारे १.८ अब्ज डॉलरचा फरक पडणार होता. विद्यापीठांकडे माहिती पोहोचायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ च्या मध्यावर. पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राला ५४ लाख फोन आले आणि त्यांतले ४० लाख कुणी उचललेच नाहीत, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं नोंदवलंय.

इंग्लंडमध्ये २००९ साली यापेक्षा जुनी पण तशीच गोष्ट घडली. नव्या विद्यार्थ्यांचे कर्ज-अनुदानाचे अर्ज स्थानिक प्रशासनांकडून काढून स्टुडंट लोन्स कंपनी या सरकारी संस्थेकडे एकवटले. कागद स्कॅन करायची यंत्रणा कोलमडली, सत्र सुरू झालं तरी असंख्य मुलांचे पैसे आले नव्हते, आणि ऐन सप्टेंबरात तिच्या मदतकेंद्राकडे आलेल्या फोनपैकी ८७ टक्के अनुत्तरित राहिले. मला यातली एक बाब तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. त्यांनी काम एकदम सगळ्यांवर लादलं नव्हतं, फक्त नव्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली होती. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं, तुमच्या कंपनीनंही हेच सुचवलं असेल. पण नवा विद्यार्थी हाच सगळ्यात अवघड. त्याचा प्रत्येक कागद पहिल्यांदा येतो, खातं पहिल्यांदा नोंदवलं जातं, आणि त्याला कुठल्या खिडकीवर जायचं हेही माहीत नसतं. टप्प्याटप्प्यानं जायचं असेल तर पहिला टप्पा जुन्या, ओळखीच्या विद्यार्थ्यांचा घ्या, एखाद्या छोट्या निधीपुरता. रक्कम काय यायला हवी हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, चुकलं तर त्याच दिवशी कळतं.

फाफसावाल्यांनीही पुढच्या वर्षी टप्प्याटप्प्यानंच काम केलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मोजक्या विद्यार्थ्यांकडून अर्ज भरून घेतले, चुका काढत गट वाढवत नेले आणि २१ नोव्हेंबरला सगळ्यांना खुला केला. जाहीर केलेल्या मुदतीच्या दहा दिवस आधी! म्हणजे ‘तारीख बदलता येत नाही’ असं म्हणताना कुठली तारीख, ते विचारा. कुलगुरूंनी जाहीर केलेली तारीख पाळा, एका निधीसाठी त्या दिवशी समारंभपूर्वक लाइव्ह जा, फोटो काढा. बाकीचे निधी एक सत्र जुन्याच वाटेनं जाऊ द्या. वरिष्ठांना माघार घेतल्यासारखं वाटणार नाही अशी वाट काढून देणं हे तुमच्या पदाचं अर्धं काम आहे. नियमावलीत ते लिहिलेलं नसतं इतकंच.

खरी न बदलणारी तारीख वेगळीच असते: विद्यार्थ्याचं घरभाडं द्यायची. ती तुमच्या गो-लाइव्हची वाट बघत नाही. म्हणून मला तुम्हाला विचारायचंय, सिस्टीम पहिल्या आठवड्यात पूर्ण बंद पडली, तर पैसे हातानं देण्याचा अधिकार कुणाला आहे? किती रकमेपर्यंत? कोणत्या कागदावर? आणि नंतर ती उचल सिस्टीममध्ये कशी नोंदवायची, म्हणजे त्याच मुलाला दुसऱ्यांदा पैसे जाणार नाहीत? हे सगळं एका पानात मावतं. ते पान आत्ताच तयार करून वित्त अधिकाऱ्यांची सही घ्या. लाइव्ह जायच्या आदल्या दिवशी, कुणाला किती आणि कधी मिळायला हवेत याची यादी जुन्या प्रोग्रॅममधून छापून ठेवा. हो, कागदावर. जुना प्रोग्रॅम किमान एक पूर्ण वर्ष नुसता बघण्यापुरता चालू राहील याचीही सोय करा. पैसे वाचवायला म्हणून तो सर्व्हर लगेच बंद करायची घाई कुणाला तरी होतेच.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी कुणाच्याच लक्षात येत नाही. तुमची मदत पोहोचली नाही की फीची सिस्टीम त्या मुलाला थकबाकीदार ठरवते. मग आपोआप विलंबशुल्क लागतं, नोंदणी अडते, ग्रंथालयाचं कार्ड बंद होतं, परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. उशीर तुमचा आणि शिक्षा त्याला, तीही कुणी माणसानं न ठरवता. फी विभागाशी आजच बोला आणि मदतीसाठी अर्ज केलेल्या सगळ्यांवरचे हे आपोआप लागणारे कुलूप पहिले दोन महिने काढून ठेवा. माझं ऐकून या पत्रातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. जी मुलं चिडून फोन करतात त्यांचं काम कसंतरी होतं. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, ती पुष्कळदा फोन करत नाहीत. आपल्यालाच नियम कळले नसतील असं समजून गुपचूप निघून जातात, आणि मग तुमच्या तक्रारींच्या आकड्यातही दिसत नाहीत. ज्यांनी अर्ज अर्धवट सोडला त्यांची यादी दर आठवड्याला काढून त्यांना आपण होऊन फोन करा.

विद्यार्थ्यांना जे कळवाल त्यात ‘तांत्रिक अडचणीमुळे’ हा शब्द नको. पैसे कधीपर्यंत येतील, तोपर्यंत अडलं तर कुणाकडे जायचं, दंड लागणार नाही, एवढं तीन ओळींत लिहा.

सहीचं बोलू. तुम्ही ती ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी मांडलीत, म्हणून ती गळ्यात अडकली आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मार्च २०१० मध्ये सरकारी रुग्णालयांच्या पगाराची नवी सिस्टीम सुरू झाली. जुना पगार आणि नवा पगार यांची तुलना सगळ्या कर्मचाऱ्यांवर आधी झालेली नव्हती. माहीत असलेले दोष ‘नंतर बघू’ म्हणत पुढे ढकलले गेले होते. सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांचा प्रश्न होता. कुणाला कमी मिळाले, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. हे निस्तरण्याचा खर्च धरून आकडा सुमारे १.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज निघाला आणि २०१३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. तो आता कुणीही वाचू शकतो. चौकशी होते तेव्हा प्रश्न विचारला जातो तो हाच: तुम्हाला माहीत होतं का, आणि तुम्ही कुणाला सांगितलंत?

म्हणून सही अटींसह करा. कुलसचिव आणि वित्त अधिकारी यांच्या नावे एक टिपण लिहा, तारीख घालून. त्यात काय तपासलं, काय तपासलं नाही, किती जुळलं नाही, आणि कोणत्या गोष्टी पूर्ण झाल्यावर माझी संमती धरावी, हे लिहा. अटी मोजता येतील अशा ठेवा. ‘सिस्टीम समाधानकारक असावी’ असं लिहिलंत तर त्याचा काही उपयोग नाही. ‘बाईंनी निवडलेल्या चाळीस प्रकरणांपैकी न जुळलेल्या प्रत्येकाचं कारण लेखी मिळावं’ असं लिहिलंत तर त्याला अर्थ आहे. अटी आजच ठरवा, कारण शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच अटी सैल कराव्याशा वाटतात, तुम्हालाही वाटतील. सूर तक्रारीचा नको. तुम्हाला ही सिस्टीम हवी आहे, हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. पत्रावरून तरी मला वाटतं की ती तुम्हाला खरोखर हवी आहे, आणि एक्सेलच्या त्या जंगलातून सुटका व्हायलाच पाहिजे.

एवढं करूनही वरिष्ठ म्हणाले, ‘अटी राहू द्या, नुसती सही करा,’ तर काय, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुमची नोकरी, तुमचं घर, तुमची हिंमत मला माहीत नाही. टिपणाची पोच मात्र घेऊन ठेवा.

उद्या सकाळी पहिलं काम म्हणून तो नववा अर्ज आणि ती वही घेऊन बाईंच्या टेबलाशी बसा. कंपनीचा माणूस बरोबर नको, संगणकही नको. अर्ज त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ‘याचं तुम्ही काय केलं असतं?’ त्या काय म्हणाल्या ते मला कळवाल?